करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट

आमच्या घरात माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्या बरणीत वर्षाचं कैरीचं लोणचं होतं, ती हैदराबादेहून आलेली जाड हिरव्या काचेची होती, तिच्यासारखी बरणी नंतर मिळाली नाही, हे आत्या शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्या काचेनं माझ्या मनगटात काय कापलं ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. ओल्या फरशीवरून मी घसरले, बरणी खाली, तिच्यावर माझा उजवा हात, आणि लोणच्याच्या तेलात मिसळून रक्त न्हाणीकडे वाहत गेलं. आई फडकं घेऊन धावली. आत्या म्हणाली, "अगं बाई, सगळं लोणचं गेलं की!" आज पंचाहत्तरी उलटल्यावरही ते वाक्य जसंच्या तसं कानात आहे आणि ते आठवलं की माझी कानशिलं तापतात. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस निवळतो. मी काही निवळले नाही.

औरंगपुऱ्यात आमच्या तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अण्णांचं टेबल, मधली निजायची, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून जळण ठेवायची अंधारी खोली. अण्णा कचेरीत कारकून. निजामाच्या राज्यात नोकरीला लागलेले, त्यामुळं त्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं आणि मराठी अक्षर पोरासारखं. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, पण शिक्का मारलेल्या कागदावरची त्यांची श्रद्धा बदलली नाही. घरात आई, विधवा होऊन परत आलेली आत्या, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी कुसुमताई आणि मी. सकाळी नळावर भांडी आपटायची, मग समोरच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत. त्या आवाजावर मी पाढे पाठ केले, मॅट्रिकचा अभ्यास केला. आईच्या हातची येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी असली की अण्णा दोन घास जास्त जेवायचे आणि बोलायचे मात्र तेवढंच, म्हणजे काहीच नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक खाजगी डॉक्टर बसायचा. त्यानं जखम धुतली, पाच-सहा टाके घातले आणि आईला म्हणाला, "काही नाही, कातडी फाटलीय. आठ दिवसांत भाकऱ्या थापेल." मी सांगत होते की करंगळी बधिर झालीय. तो म्हणाला, "सूज आहे, जाईल." त्यानं मला बोट हलवून बघ असं एकदाही म्हटलं नाही. नंतर मला कळलं की ते बघायला अर्धं मिनिट पुरतं. त्याच्याजवळ अर्धं मिनिट नव्हतं, आणि मी पोरीची जात, माझ्या सांगण्याला किती वजन असणार.

टाके निघाले. जखम भरली. आणि मग हळूहळू करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वाकायला लागलं, पक्ष्याच्या नखासारखं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसाचा फुगीर भाग बसला, तिथं खळगा पडला. बोटं फाकवता येईनात. पेन धरलं की घसरायचं. वहीत शाईचे ओघळ आणि बाईंचे लाल शेरे. मी घरात सांगितलं की आत्या म्हणायची, "अभ्यास नको म्हणून नाटकं करायली."

मग ती सकाळ आली. मी भाकरी करत होते. थापता नीट येत नव्हती, पण ताईला बरं नव्हतं म्हणून मीच बसले होते. भाकरी उलटताना हात तव्याच्या कडेला टेकला, आणि तिथंच राहिला. मला काहीच कळलं नाही. मी दुसऱ्या हातानं जाळ पुढं सारत होते. वास आला, कातडं जळाल्याचा, तेव्हा मला वाटलं चुलीत काहीतरी पडलं. आईच ओरडली. तिनं माझा हात ओढून घेतला तेव्हा करंगळीच्या कडेला रुपयाएवढा पांढरा फोड आला होता.

"दुखत नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

"काहीच कळलं नाही तुला?"

"नाही म्हणते ना."

आत्या दारात उभी होती. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, वाकड्या बोटांकडं, त्या फोडाकडं, आणि पदर नाकाला लावला. तिच्या सासरच्या गावात तिनं असे हात पाहिले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, हे साधं नाही हं. हा महारोग आहे."

आता त्या रोगाला लोक कुष्ठरोग म्हणतात. पण त्या दिवशी आमच्या घरात जो शब्द उच्चारला गेला तोच मी इथं लिहिणार. दुपारपर्यंत माझं ताट, वाटी आणि पेला वेगळे झाले. रात्री अंथरूण वेगळं झालं. आईनं पेल्याला खूण म्हणून काठावर खिळ्यानं ओरखडा काढला. ते करताना ती रडत होती. पण काढला. तिच्या रडण्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आता मी तिच्या त्या वयाहून कितीतरी म्हातारी झाले तरी वाटत नाही. रडत रडत केलं म्हणून ओरखडा पुसट होत नाही.

अण्णा मला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या सर्जनांनी मनगटावरची खूण पाहिली, टाचणीनं टोचून पाहिलं, माझ्या बोटांच्या फटीत कागद धरायला लावला आणि तो अलगद ओढून घेतला. मला धरता आला नाही. ते म्हणाले, "रोगबीग काही नाही. हिची नस तुटलीय. पहिल्याच दिवशी जोडायला पाहिजे होती. आता जोडू, पण पहिल्यासारखा हात होईल असा शब्द देत नाही." अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साहेब, रोग नाही हे लिहून द्याल का?" सर्जनांनी लिहून दिलं. खाली गोल शिक्का. अण्णांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीत, शेताच्या आणि नोकरीच्या कागदांखाली ठेवली.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि माझी रवानगी लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत झाली. तिथं शकीला आपा होत्या. सगळे त्यांना आपाच म्हणायचे, सर्जनसुद्धा. लहान चणीच्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम लवंगा, बोटं मात्र गवंड्यासारखी दणकट. हाताच्या व्यायामाचं शिक्षण त्या मद्रासकडं घेऊन आल्या होत्या, आणि ते शिक्षण महारोग्यांच्या हातांवरच झालेलं होतं. पहिल्या दिवशी मी रडले तर म्हणाल्या, "नक्को रडू. रोने से नस नहीं बढ़ती. तिला वेळ लागतो, केसाएवढी केसाएवढी पुढं सरकते ती. तोवर हे सांधे कडक झाले तर ती येऊन काय करेल बिचारी?"

मग रोज तेच. पातळ केलेल्या गरम मेणात हात बुडवायचा, किती गरम ते आधी डाव्या हातानं बघायचं. मेण सोलून काढायचं. आपा माझी बोटं मुळाशी वाकवायच्या आणि टोकाशी सरळ करायच्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सायकलच्या तारा, चामड्याची पट्टी आणि ट्यूबचं रबर जोडून त्यांनी मला एक पट्टा करून दिला होता. तो घातला की दोन बोटांचा पंजा उलगडायचा. बोटांच्या फटीत कागद धरायचा, त्या ओढायच्या, मी हरायची. डोळे मिटून तूरडाळीतून वाटाणे वेचायचे. दर सोमवारी त्या मनगटापासून पुढं बोटानं टकटक करत यायच्या आणि जिथं मला मुंग्या आल्यासारखं वाटे तिथं निळ्या शाईचा ठिपका काढायच्या. "इथपर्यंत आली तुझी नस," म्हणायच्या. "हाताला कळत नाही तोवर डोळ्याला कळलं पाहिजे. जिथं हात, तिथं डोळे. भूलना नक्को." घरी मी मेतकूटभात कालवतानाही हाताकडं बघायची. आत्याला ते भुताटकीसारखं वाटायचं.

माझ्या शेजारच्या स्टुलावर गणपतराव बसायचे. मुकुंदवाडीचे शिंपी. त्यांना खरंच महारोग होऊन गेला होता. औषधानं रोग गेला, पण दोन्ही हातांची बोटं माझ्यासारखीच वाकडी राहिली होती, एका हातावर ऑपरेशन होऊन गेलं होतं. ते आपांनी दिलेल्या चिंधीवर काजं करायचे, एकामागून एक, सुईकडं टक लावून. मला कागद धरता येत नसे तेव्हा एकदा म्हणाले, "पोरी, जोर बोटात नगं लावू. मनगट थोडं मागं घे. हां. आता बघ." कागद पहिल्यांदा अर्धा क्षण राहिला.  मी स्टूल वीतभर लांब सरकवलं.

कारण घरी आत्याला नवा मुद्दा मिळाला होता. "रोग नाही म्हणता, मग त्या रोग्यांच्या खोलीत कशाला बसवतात हिला?" आई म्हणायची, "वन्सं, डॉक्टरांनी लिहून दिलंय." पण ओरखडा काढलेला पेला तसाच राहिला. एकदा मी तो उचलून आईसमोर आपटला. ती म्हणाली, "असू दे गं थोडे दिवस. ताईचं जमायलंय. लोकांच्या जिभेला हाड नसतं." तो राग मी जिथं काढायला पाहिजे होता तिथं काढला नाही. दुसऱ्या दिवशी आपांच्या खोलीत गेले. गणपतराव नेहमीप्रमाणं थोडे सरकून म्हणाले, "ये, बस." आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "मला यांच्या शेजारी बसवू नका! मी महारोगी नाही! मला साधी जखम झालीय!"

खोलीत सात-आठ माणसं होती. सगळ्यांचे हात थांबले. आपा काही बोलणार तेवढ्यात गणपतराव उठले. त्यांनी चिंधी खिशात घातली, दोन्ही मनगटांत धरून स्टूल उचललं आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं. किती सराईतपणे उचललं ते! असं उठून जायची त्यांना जन्माची सवय असावी. आणि मला, हे लिहिताना हात अडखळतो पण लिहिते, मला तेव्हा बरं वाटलं. मोकळं वाटलं. आपांनी त्या दिवशी माझ्या बोटांना हात लावला नाही. "मेण तिथं आहे. तूच कर," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी कुसुमताईच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. पाहुणे जालन्याहून येणार होते. आदल्या दिवसापासून घरात जिलबीचा पाक, तुपाचा वास, अण्णांच्या मित्रांकडून आणलेल्या सतरंज्या. सकाळी आईनं मला बाजूला घेतलं. हातात माझं ताट होतं, वाढलेलं. जिलबीही होती त्यात.

"तू मागच्या खोलीत बस. कुणी विचारलं तर ताप आलाय म्हणून सांगते."

"मला ताप नाही."

"माहिती आहे मला. बस ना गं. तेवढा दिवस."

मी जळणाच्या खोलीत गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी बसले. बाहेर हसणं, बांगड्या, पंगतीचा गलबला. पान मांडल्याचा, वाढा-वाढाचा आवाज. मी जेवले नाही. थोड्या वेळानं नवऱ्यामुलाच्या काकू हात धुवायला मागं आल्या आणि न्हाणी समजून त्यांनी माझ्या खोलीचं दार ढकललं. मी चटकन हात मागं घेतला, पण त्यांनी पाहिला. त्या तशाच परत गेल्या. आणि मग पंगतीतला आवाज हळूहळू कमी होत गेला. मी दाराच्या फटीतून बघितलं. चार-सहा जणांनी घास खाली ठेवला होता. मुलाचे काका हलक्या आवाजात अण्णांना काहीतरी विचारत होते.

अण्णांनी पेटी उघडली. कागद आणला. आणि आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेले माझे वडील पंगतीच्या मधोमध उभे राहून कचेरीत हुकूम वाचावा तसा तो कागद वाचायला लागले. इंग्रजी वाक्य, मग त्याचं मराठी. मुलीचं नाव, वय, उजव्या मनगटाची नस तुटल्याबद्दल. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "सदर मुलीस महारोग नाही. खाली सही, शिक्का. बघून घ्या." कागद पंगतीतून फिरला. एकानं शिक्क्यावरून बोट फिरवलं.

सगळ्यांनी श्वास सोडला. काका हसले, "अहो मग लपवायचं कशाला! आम्ही काय राक्षस आहोत का?" काकूंनी मला बाहेर बोलावलं, स्वतःशेजारी बसवलं, माझ्या तोंडात जिलबी घातली, जाताना ओटीत खण दिला. आत्यानं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी मला मिळाली तेवढी माया आधी कधी मिळाली नव्हती. मी जिलबी गिळली. 

पाहुणे गेल्यावर आई भांडी आवरत होती. मी विचारलं, "आई, कागदावर उलटं लिहिलेलं असतं तर?"

"असं वंगाळ बोलू नये."

"असतं तर? मला खरंच झालेला असता तर?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तर ताईचं लग्न मोडू दिलं असतं का मी? तुझ्या जागी मी असते तर मीच जाऊन मागं बसले असते."

तिनं खरं सांगितलं. ते खरं आहे हे मला तिच्या आवाजावरून कळलं, आणि त्यानंच मी पेटले. ती स्वतःसुद्धा गोवऱ्यांशेजारी जाऊन बसली असती, मुकाट्यानं, आणि ते तिला बरोबर वाटलं असतं. आणि मी? मी गणपतरावांना तेच केलं होतं. मला दाखवायला कागद होता. त्यांना नव्हता. कुसुमताई आजही फोनवर म्हणते, "सोड ना आता, माणसं गेली ती." माणसं गेली, पण कुणी कुठं बसायचं ते माणसं अजून तसंच ठरवतात.

दुसऱ्या दिवशी आपांकडे गेले. व्हरांड्यातलं स्टूल पंधरा दिवस रिकामंच होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं तर आपा लवंग चावत म्हणाल्या, "त्या दिवसापासून आले नाहीत. त्यांचा हात पुन्हा कडक होईल. मेरेकू क्या पूछती? मुकुंदवाडी इथंच आहे. जा. और सुन, मला बरोबर घेऊन जायचं नाही. तोंड तुझं आहे."

जालना रोडच्या एस.टी.तून मी मुकुंदवाडीला उतरले. तेव्हा ते खेडंच होतं, भोवती ज्वारीची शेतं. पिशवीत काकूंनी दिलेला खण आणि मापाला माझं जुनं पोलकं. गणपतराव ओसरीवर बसले होते. शेजारी शिलाईचं मशीन, त्यावर गोणपाट टाकलेलं, गोणपाटावर धूळ. मला बघून ते उठले नाहीत.

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"व्हय," ते म्हणाले.  मी उभीच. मग म्हणाले, "मला लई राग आला व्हता. घरी येऊन मी भाकरी फेकून दिली. बायकोला वाटलं, वेड लागलं. आपांच्या त्या एका खोलीतच मला कुणी ऊठ म्हणत नव्हतं. ती बी जागा तुम्ही घेतली." पोरी म्हणायचे ते मला, त्या दिवशी तुम्ही म्हणाले.

मला रडू आलं नाही, बरंच झालं. मी खण पुढं केला. "पोलकं शिवायचंय."

"गावात दुसरा शिंपी हाय."

"तुमच्याकडूनच शिवायचंय."

"आणि पेटीत ठिवून देणार. पुण्य केलं म्हणून." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "घालणार असाल तर शिवतो. नायतर कापड घेऊन जा."

"घालणार."

त्यांनी गोणपाट काढलं, मशीनवरची धूळ फुंकली. मापाचं पोलकं उलटंपालटं करून बघत म्हणाले, "हे कुणी शिवलंय? खांद्याला चुकलंय." आणि मी निघताना मागून आवाज आला, "आपांना सांगा, सोमवारी येतो. स्टूल आत ठिवा म्हणावं."

सोमवारी ते आले. त्यांचं स्टूल मीच आत नेऊन माझ्या स्टुलाला लागून ठेवलं होतं. ते बसले, चिंधी काढली. आम्ही फार बोललो असं नाही. आपा टकटक करत आल्या आणि त्या दिवशी त्यांचं बोट करंगळीच्या मुळापाशी थांबलं.

पोलकं छान झालं होतं. काजं एकसारखी. मी ते कुसुमताईच्या हळदीच्या दिवशी घातलं. आत्यानं कापड चाचपून विचारलं, "कुणी गं शिवलं? हात चांगलाय." मी सांगितलं. नाव, गाव, रोग, सगळं सांगितलं. आत्यानं हात असा झटकला की शेजारी बसलेल्या बांगडीवालीची टोपली कलंडली. आई खाली बसून बांगड्या गोळा करायला लागली. पण दुसऱ्या दिवशी धुण्याच्या वेळी मी न्हाणीत गेले तर घरादाराचे कपडे एका बादलीत भिजत होते, आणि माझं पोलकं कोपऱ्यात, फुटक्या घमेल्यात, काठीनं ढकलल्यासारखं पडलेलं होतं.

मी घमेलं उचललं आणि पोलकं त्या बादलीत उपडं केलं. हात कोपरापर्यंत घालून ढवळलं. आई "अगं, अगं" म्हणत राहिली. मी तिला बाजूला केलं, खाली बसले आणि सगळं धुणं एकटीनं धुतलं. अण्णांचं धोतर, आईची लुगडी, आत्याचं विधवेचं लाल आलवण, ताईचा परकर, माझं पोलकं, सगळं एकाच पाण्यात. आणि पिळलं. उजव्या हाताची पकड सुटायची, मी परत धरायची, मनगट थोडं मागं घेऊन. आलवणाला तीनदा पीळ घातला. तोंडानं मी काय काय बोलत होते ते आईनं ऐकलं आणि तिनं ते कुणाला कधी सांगितलं नाही. मग दोरीवर वाळत घातलं, एकाला एक खेटून, पोलक्याची बाही आलवणावर.

आत्यानं दोन दिवस त्या दोरीकडं पाहिलंही नाही. अंगावरचंच नेसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत असताना ती अंगणात आली, इकडंतिकडं बघितलं, पोलक्याची बाही बोटाच्या टोकानं बाजूला केली आणि आलवण ओढून घेतलं. नेसून आली. तिच्याकडं दोनच होती.